चुना मारण्याआधी भिंती वाचा

दरवर्षी आठवीच्या वर्गाला मी चित्रकलेच्या तासाला एक विषय देतो : तुरुंग. सूचना काही नाही, समोर संदर्भचित्र नाही, वेळ एक तास. यंदा बत्तीस कागद गोळा झाले. एकतीस कागदांवर समोर उभे गज आणि गजांच्या मागे माणूस. कुणाच्या कैद्याला दाढी, कुणाच्या अंगावर पट्ट्यापट्ट्यांचा सदरा, एकाने तर कोपऱ्यात बंदूकधारी शिपाईही उभा केलेला. पण सगळीकडे आधी गज, मग माणूस. बत्तिसाव्या कागदावर माणूसच नव्हता. वर कोपऱ्यात एक लहानशी खिडकी, तिच्यातून दिसणाऱ्या कडुलिंबाच्या फांदीचे गजांनी केलेले चार तुकडे, आणि खाली कागदभर नुसती भिंत. मी विचारलं, तर ती मुलगी म्हणाली, “सर, आत बसल्यावर असंच दिसेल ना?”

बाकीच्या एकतीस जणांची यात काही चूक नाही. गेल्या अडीचशे वर्षांत तुरुंगाची जी चित्रं जगभर गाजली, ती बहुतेक बाहेर उभं राहूनच काढलेली आहेत. आणि आज आपण जुने तुरुंग पर्यटकांसाठी खुले करतो आहोत, तेही त्याच बाहेरच्या नजरेने. दगड धुतो, कमानी सावरतो, भिंतींना ताजा रंग देतो, दाराशी पुतळा उभा करतो, संध्याकाळी ध्वनिप्रकाशाचा खेळ लावतो. माझं म्हणणं सरळ आहे. जुन्या तुरुंगात सगळ्यात मोलाचं काय असेल, तर आत राहून गेलेल्या माणसाच्या हातची खूण. भिंतीवरचा ओरखडा, मोजलेले दिवस, काढलेलं चित्र. आणि डागडुजीत सगळ्यात आधी पुसली जाते तीच. हे थांबलं पाहिजे.

तुरुंगाच्या चित्रांचा विषय निघाला की पहिलं नाव येतं जोव्हान्नी बात्तिस्ता पिरानेसीचं. जन्म १७२०, व्हेनिसजवळचा. शिकला वास्तुकला, पण आयुष्य गेलं तांब्याच्या पत्र्यावर रेघा कोरण्यात. १७५० च्या सुमारास त्याने ‘काल्पनिक तुरुंग’ म्हणून चौदा चित्रं छापली. १७६१ मध्ये तेच पत्रे पुन्हा हाती घेऊन त्याने ती आणखी काळी, आणखी गच्च केली आणि दोन नवी चित्रं जोडली. कमानीमागे कमान, तिच्यामागे आणखी एक कमान. अर्ध्यातच संपणारे जिने. छतातून लोंबणारे जाड दोरखंड, कप्प्या, दातेरी चाकं, कुठून तरी येणारा धूर. नजर एका जिन्यावर चढते, दुसऱ्यावरून घसरते, आणि बाहेर पडायची वाट काही केल्या सापडत नाही. रेषा कशी जिवंत असावी हे मुलांना सांगायचं असलं की मी आजही हीच चित्रं दाखवतो. इतकी ताकद फार थोड्यांच्या हातात असते.

पण या चित्रांत कैदी शोधायला जा. मुंगीएवढी माणसं जिन्यांवर दिसतात, त्यांतली कैदी कोण आणि पाहुणे कोण हेही नीट कळत नाही. शिवाय जागाच जागा आहे! पिरानेसीचे तुरुंग डोंगरातल्या लेण्यांसारखे अफाट आहेत. खऱ्या तुरुंगाचा पहिला गुण म्हणजे जागा नसणं. अंदमानच्या सेल्युलर जेलमधली कोठडी साडेतेरा फूट लांब आणि साडेसात फूट रुंद. खिडकी एवढ्या उंचीवर की हात वर केला तरी पोचणार नाही. एका मध्यवर्ती मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती निघतात, आणि रचना अशी की एका इमारतीच्या कोठड्यांसमोर दुसऱ्या इमारतीची पाठ यावी. म्हणजे समोरासमोर दोन कैद्यांची नजरानजर होऊ नये. १८९६ ते १९०६ अशी दहा वर्षं खपून ब्रिटिशांनी हे बांधलं. यातली क्रूरता पिरानेसीच्या सोळा चित्रांत कुठेही नाही, कारण ती चित्रात उतरायला कुणीतरी त्या साडेसात फुटांत बसायला हवं.

कल्पनेतले तुरुंग कागदावरच राहिले असते तर बिघडत नव्हतं. जॉर्ज डान्स नावाचा तरुण इंग्रज वास्तुकार रोममध्ये शिकत होता, पिरानेसीला भेटला होता. लंडनला परतल्यावर न्यूगेट तुरुंग नव्याने बांधण्याचं काम त्याच्याकडे आलं. १७७० पासून त्याने तो उभारला. अवाढव्य खडबडीत दगडांच्या, रस्त्याकडे जवळजवळ खिडक्याच नसलेल्या भिंती, आणि दारांवर दगडात कोरलेल्या बेड्यांच्या माळा. आत जाणाऱ्याला त्या दिसायच्या एकदाच. त्या होत्या रस्त्यावरून जाणाऱ्यांसाठी, म्हणजे प्रेक्षकांसाठी. तुरुंग ही आधी दाखवायची वस्तू झाली, राहायची जागा नंतर.

त्याच न्यूगेटच्या अंगणात एकोणिसाव्या शतकात गुस्ताव्ह डोरे हा फ्रेंच चित्रकार जाऊन आला. लंडन शहरावरच्या १८७२ च्या पुस्तकात त्याचं चित्र आहे : उंच भिंतींच्या विहिरीसारख्या अंगणात कैदी एकामागे एक गोल फिरताहेत. व्यायाम. अठरा वर्षांनी, फेब्रुवारी १८९० मध्ये, दक्षिण फ्रान्समधल्या सेंट रेमीच्या मनोरुग्णालयात व्हॅन गॉगने या चित्राची छापील प्रत समोर ठेवून तेच दृश्य तैलरंगांत केलं. आता ते मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात आहे. तो न्यूगेटला गेला नव्हता. पण कुलूपबंद दाराच्या आत दिवस काढणं म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. चित्रात आकाश नाहीच. निळसर हिरव्या भिंती वर वर जातात आणि चौकटीतच संपतात. फिरणाऱ्यांच्या माना खाली. मधल्या एकाच्या डोक्यावर टोपी नाही, आणि चालता चालता त्याने तोंड आपल्याकडे वळवलं आहे. वर भिंतीवर, बारकाईने पाहिलं तरच दिसतील अशी दोन पांढरी फुलपाखरं.

या चित्रात मला सगळ्यात अस्वस्थ करतात ती उजव्या कोपऱ्यातली माणसं. उंच हॅट घातलेले दोन गृहस्थ आणि त्यांच्याजवळ पहारेकरी. ते बघायला आलेत. डोरेच्या चित्रातही ते आहेत, आणि व्हॅन गॉगने ते वगळले नाहीत. त्याच्या मधल्या कैद्याने त्या दोघांकडे पाठ केली आहे आणि तो पाहतो आहे आपल्याकडे, म्हणजे चित्रासमोर उभ्या असलेल्या तिसऱ्या बघ्याकडे.

हे लिहायचं कारण आपल्या दाराशी आहे. २६ जानेवारी २०२१ पासून महाराष्ट्रात येरवड्यापासून ‘जेल पर्यटन’ सुरू झालं. त्यामागच्या हेतूवर मला शंका घ्यायची नाही. २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार झाला तो याच तुरुंगात. गांधीजींच्या उपोषणाचा साक्षीदार असलेलं आंब्याचं झाड शाळकरी पोरांनी जरूर पाहावं. पण येरवडा हा काही रिकामा वाडा नव्हे. १८७१ साली बांधलेल्या त्या भिंतींआड आजही हजारो माणसं कोंडलेली आहेत. कितीतरी कच्चे कैदी, ज्यांचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा आहे. चालू तुरुंगात पर्यटकांची रांग नेताना आपण त्या उंच हॅटवाल्यांच्या जागी उभे राहतो. म्हणून दारं बंद करा असं मी म्हणत नाही. आत नेऊन काय दाखवता, एवढंच विचारतो. थोरांच्या कोठड्या दाखवून परत आणलं, तर पोरांच्या मनात तुरुंगाचं एक पवित्र स्थान तयार होतं. बराकीत दाटीवाटीने पथारी टाकून झोपणारा माणूस त्यात कुठेच येत नाही.

बाहेरची नजर आणि आतली नजर यांतला फरक एकाच माणसाच्या दोन कामांत पाहायचा असेल, तर युबेर रोबेर हा फ्रेंच चित्रकार पाहावा. हाही तरुणपणी रोममध्ये राहिलेला, पिरानेसीच्या प्रभावात वाढलेला. पडक्या वास्तूंची चित्रं काढण्यात त्याचा हातखंडा होता, पॅरिसमध्ये त्याची ओळखच ‘भग्नावशेषांचा रोबेर’ अशी. १४ जुलै १७८९ ला, फ्रेंच राज्यक्रांतीत, पॅरिसचा तुरुंग-किल्ला बॅस्टिल पडलं आणि आठवडाभरात त्याने ते तोडलं जातानाचं चित्र केलं. काळाकभिन्न किल्ला आभाळ झाकून उभा, माथ्यावर इवल्या इवल्या माणसांनी दगड खाली लोटायला घेतलेले. पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येईल असं काम. मात्र त्या दिवशी बॅस्टिलमध्ये कैदी सापडले होते सातच. चार खोट्या हुंड्यांच्या प्रकरणातले, दोन मनोरुग्ण आणि एक उमराव. त्यांचे चेहरे कुणी काढले नाहीत. दगडांना मात्र भाव आला. पालोय नावाच्या कंत्राटदाराने बॅस्टिलच्याच दगडांतून बॅस्टिलच्या छोट्या प्रतिकृती कोरवून घेतल्या आणि देशभरातल्या प्रांतांना धाडल्या. तुरुंगाचा स्मृतिचिन्ह म्हणून झालेला हा फार जुना व्यापार.

चार वर्षांत चक्र फिरलं. क्रांतीच्या दहशतपर्वात, १७९३ च्या शरद ऋतूत, रोबेर स्वतःच पकडला गेला. आधी सेंट पेलाजी, मग सेंट लाझार. दहशतपर्वाचा म्होरक्या रोबेस्पिएर पडल्यावरच, १७९४ च्या उन्हाळ्यात, त्याची सुटका झाली. त्या महिन्यांत तो चित्रं काढत राहिला. कॅनव्हास नसेल तेव्हा जेवणाच्या थाळ्यांवर. त्या थाळ्या बाहेर विकल्या जात. या काळातली त्याची चित्रं बॅस्टिलच्या चित्राशेजारी ठेवून पाहा. सेंट लाझारचा लांबलचक बोळ, त्यात घुटमळणारी माणसं, कुणी भिंतीला टेकलेलं, कुणी बोलत उभं. दुधाचं वाटप चाललंय, भांडी पुढे केलेली. भग्नावशेषांच्या या चित्रकाराला तुरुंगात गेल्यावर भव्यता दिसेनाशी झाली आणि दुधाचं भांडं दिसू लागलं. माझ्या लेखी त्याची हीच चित्रं मोठी, बॅस्टिलपेक्षा कितीतरी मोठी.

एगॉन शीले या ऑस्ट्रियन चित्रकाराचंही असंच. एप्रिल १९१२ मध्ये व्हिएन्नाजवळच्या नॉयलेंगबाख गावी त्याला अटक झाली. चोवीस दिवस तो आत होता. त्याच्यावरचे आरोप गंभीर होते, एका अल्पवयीन मुलीच्या संदर्भातले. त्यांतले मुख्य टिकले नाहीत, मुलांच्या नजरेस पडतील अशी अश्लील चित्रं ठेवल्याबद्दल शिक्षा झाली. त्या दिवसांतली त्याची जलरंगातली कामं लहान आहेत : बोळातली केरसुणी, खुर्ची, दार. आणि एका चित्रात अंथरुणावर ठेवलेलं एक संत्रं. बाकी सगळं मातकट, पेन्सिलीच्या पुसट रेघांतलं, मधोमध तेवढा एक नारिंगी ठिपका. चित्रावरच त्याने लिहिलं की ते एक संत्रं हाच काय तो प्रकाश होता. बाहेरून आलेल्या चित्रकाराने त्या कोठडीत गज काढले असते. संत्र्याला रंग देण्याची बुद्धी आतल्यालाच होणार.

आता गोव्याकडे येतो, कारण हा प्रश्न तिथे आणि पोर्तुगालमध्ये एकाच वेळी उभा राहिला. आग्वाद किल्ला १६१२ चा. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत तिथे गोवा मुक्तिसंग्रामातल्या सत्याग्रहींना डांबलं जाई. १८ जून १९४६ च्या मडगावच्या सभेनंतर डॉ. राम मनोहर लोहियांना आणि टी. बी. कुन्हांना तिथे ठेवलं होतं. कुन्हांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा दिली आणि थेट पोर्तुगालच्या किनाऱ्यावरच्या पेनिश किल्ल्यात पाठवलं. त्याच पेनिशमध्ये पोर्तुगालचे स्वतःचे राजकीय कैदी सडत होते. त्यांतला एक आल्व्हारो कुन्याल, तिथल्या कम्युनिस्ट पक्षाचा पुढारी. १९४९ मध्ये पकडला गेला, बहुतेक काळ एकांतवासात होता, आणि ३ जानेवारी १९६० ला नऊ साथीदारांसह पेनिशची भिंत उतरून निसटला.

या कुन्यालने कैदेत पेन्सिलीने आणि कोळशाने चित्रं काढली. पुढे ती ‘तुरुंगातली चित्रं’ म्हणूनच प्रसिद्ध झाली. त्यांत तुरुंग पाहायला मिळेल म्हणून उघडाल तर फसाल. त्यांत आहेत शेतकरी, कामकरी, डोक्यावर रुमाल बांधलेल्या बायका, घोळक्याने चाललेली, नाचणारी, एकमेकांना बिलगलेली माणसं. ज्याला माणूस भेटत नव्हता, त्याने कागदभर माणसांची गर्दी काढली. एकांतवास म्हणजे काय, हे मला या चित्रांइतकं स्पष्ट दुसऱ्या कशातून कळलेलं नाही.

२०१६ मध्ये पोर्तुगीज सरकारने जुन्या वास्तू पर्यटन व्यवसायासाठी खासगी हाती देण्याची एक यादी काढली. तीत पेनिशचा किल्ला होता. तिथे खोल्या भाड्याने लागणार या कल्पनेने जुने कैदी आणि त्यांच्या घरचे उठले. राजकीय कैद्यांचा किल्ला हॉटेल होऊ देणार नाही, असं त्यांनी ठणकावलं. काही आठवड्यांत सरकारला तो यादीतून काढावा लागला. २०२४ मध्ये, राजकीय कैदी सुटल्याला पन्नास वर्षं होताना, तिथे प्रतिकार आणि स्वातंत्र्याचं राष्ट्रीय संग्रहालय पुरतं खुलं झालं. आग्वादमधले कैदी २०१५ मध्ये कोलवाळला हलवले गेले आणि १९ डिसेंबर २०२१ ला, गोवामुक्तीच्या साठीला, नूतनीकरण केलेल्या तुरुंग-संकुलाचं उद्घाटन झालं. लोहिया आणि कुन्हा यांच्या कोठड्या तिथे राखल्या आहेत. चांगलं झालं. पण पेनिशला जो सवाल जाहीरपणे विचारला गेला, म्हणजे ही वास्तू आधी कुणाची, पाहायला येणाऱ्याची की आत दिवस काढलेल्यांची, त्यावर आपल्याकडे तेवढा वाद झाला नाही. वाद व्हायला हवा होता. मोहन रानड्यांसारखा सांगलीकडचा तरुण गोव्यासाठी पोर्तुगालच्या काशियश तुरुंगात जानेवारी १९६९ पर्यंत, म्हणजे गोवा मुक्त झाल्यावरही सात वर्षं अडकून पडला होता. आग्वाद हा मराठी माणसाच्याही घरचा विषय आहे.

गोव्यात आणखी एक तुरुंग होता, ज्याचा आज एक दगडही जागेवर नाही. जुन्या गोव्यातला इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा वाडा, लोक त्याला ‘ओर्लें घोर’, मोठं घर, म्हणत. १८१२ मध्ये इन्क्विझिशन बंद झालं, पुढे इमारतही पाडली गेली. आत काय होतं ते आपण वाचतो शार्ल देलों या फ्रेंच वैद्याकडून, जो तिथे १६७४ ते १६७६ कोंडलेला होता आणि सुटल्यावर ज्याने पुस्तक लिहिलं. देलों लिहिता येणारा युरोपीय होता म्हणून त्याची हकिकत उरली. त्या भिंतींवर कोकणी-मराठी बोलणाऱ्या कुणी काही खरडलं असेल, तर ते दगडांबरोबर गेलं. आता सिसिलीतलं पालेर्मो पाहा. तिथेही इन्क्विझिशनचा तुरुंग होता, स्तेरी नावाच्या राजवाड्याला जोडून. १७८२ मध्ये तो बंद झाला, भिंतींवर चुन्याचे आणि गिलाव्याचे थर चढत गेले. १९०६ मध्ये जुझेप्पे पित्रे या लोकसंस्कृतीच्या अभ्यासकाने ते थर हळूहळू खरवडायला घेतले, आणि खालून सतराव्या शतकातले कैदी बोलू लागले. संतांची चित्रं, सिसिलीचा नकाशा, बोलीभाषेतल्या कविता. विटेची भुकटी, काजळी, हाताशी येईल त्याचा रंग. आज लोक पालेर्मोला जातात ते या भिंती बघायला. चुन्याखाली काहीच नसतं असं धरून चालणाऱ्यांनी पालेर्मो ध्यानात ठेवावं.

आपल्याकडे तुरुंगाचं चित्र म्हटलं की डोळ्यांसमोर येतं जन्माष्टमीचं कॅलेंडर. कंसाची कारा, गळून पडलेल्या साखळ्या, पेंगलेले पहारेकरी, आपोआप उघडलेली दारं आणि टोपलीतलं बाळ. दारं आपोआप न उघडणाऱ्या तुरुंगाचं चित्र मराठीत जवळजवळ नाही. आपली तुरुंगाची आठवण कानांची आणि शब्दांची आहे. ठाण्याच्या किल्ल्यात त्रिंबकजी डेंगळे कैदेत असताना पहाऱ्याला गोरे शिपाई होते, त्यांना मराठी कळत नसे. म्हणून घोड्यांची निगा राखणाऱ्याने खिडकीखाली गाणी म्हणत पलायनाचा बेत आत पोचवला, आणि सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी पसार झाले. मंडालेत टिळकांनी गीतारहस्य लिहिलं पेन्सिलीने. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा बोलत होते आणि साने गुरुजी उतरवून घेत होते. वर्षभरात नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. अंदमानात कागद मिळत नसताना सावरकरांनी काट्याखिळ्याने भिंतीवर ओळी कोरल्या आणि पाठ केल्या. कविता वाचल्या त्या पाठांतराने. भिंतीवर विसंबले असते, तर गेल्या असत्या.

या वारशाचा मला अभिमान आहे. पण त्याची एक बाजू अशी की जो लिहू शकत होता तोच उरला. काथ्या कुटणारा, कोलू ओढणारा, सही म्हणून अंगठा उठवणारा कैदी कुठे आहे? त्याच्याकडे होती फक्त भिंत. सेल्युलर जेलच्या सात इमारतींपैकी आता तीनच उभ्या आहेत. जवळजवळ सातशे कोठड्यांपैकी किती भिंती आणि त्यांवरची किती हस्ताक्षरं आपण हरवली, याचा हिशेब लागणं आता शक्य नाही.

यावर एक प्रश्न मला वर्गाबाहेर नेहमी ऐकावा लागतो. चोर, दरोडेखोर, खुनी यांच्या खुणा कशाला जपायच्या? स्मारकं देशभक्तांची असतात. हा प्रश्न विचारणाऱ्याने १८७१ साल आठवावं. येरवडा बांधलं त्याच वर्षी इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा आणला. पुढे तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला आणि अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. सोलापूरला काटेरी तारेच्या आत वसाहत होती. १९५२ मध्ये त्या जमाती कागदोपत्री मुक्त झाल्या. जुन्या तुरुंगातला ‘चोर’ कोण होता, हे आधी तपासू आणि मग ठरवू. आणि समजा होता तो खरोखर चोर. त्याने भिंतीवर मोजलेले दिवस हा त्या तुरुंगाचा, त्या राज्याचा आणि त्या कायद्याचा पुरावा आहेच. पुराव्याची किंमत साक्षीदाराच्या चारित्र्यावर ठरवून आपण इतिहास लिहीत नाही.

कंबोडियात हे कळलं होतं. नॉम पेन्हमधल्या एका शाळेचा पोल पॉटच्या ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीने छळतुरुंग केला, हजारो माणसं तिथून जिवंत परतली नाहीत. व्हान नाथ हा सिनेमाची पोस्टरं आणि पाट्या रंगवणारा माणूस वाचला तो केवळ पोल पॉटची चित्रं काढून देता येत होती म्हणून. १९७९ नंतर तो त्याच इमारतीत परत आला आणि तिथे काय होत असे ते त्याने रंगवलं. ती चित्रं तिथेच लावली आहेत, ज्या खोल्यांत ते घडलं तिथे. चित्रकलेच्या कसोट्या लावल्या तर ती पोस्टरवाल्याची चित्रं आहेत, ठसठशीत आणि साधी. २००९ मध्ये त्या तुरुंगाच्या प्रमुखावर खटला चालला तेव्हा व्हान नाथ साक्षीला उभा राहिला. पिरानेसीच्या चित्रांना कुठल्या कोर्टात उभं राहावं लागलं नाही.

दुसरी हरकत जास्त व्यवहारी आहे आणि मी ती मान्य करतो. डागडुजी नको म्हटलं तर भिंती पडतील, विशेषतः किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत. खरं आहे. चुना हा भिंतीचा शत्रू नाही. चुन्याची भिंत श्वास घेते, आणि पालेर्मोने दाखवलं तसं चुन्याच्या थराखालचं परत मिळूही शकतं. घात होतो तो सिमेंटच्या गिलाव्याने आणि तैलरंगाने. ओल आत कोंडते, फुगते, आणि रंगाचा पोपडा उतरतो तो खालचा जुना गिलावा सोबत घेऊन. म्हणून मागणं एवढंच आहे. कामाला हात लावण्याआधी प्रत्येक कोठडीत टॉर्च भिंतीला लागून आडवी धरा. समोरून प्रकाश टाकला तर काही दिसत नाही, कडेने टाकला की प्रत्येक ओरखड्याची सावली पडते. त्याचे फोटो काढा, पातळ कागदावर रेघा उतरवून घ्या. जवळच्या कला महाविद्यालयातली मुलं हे काम आनंदाने करतील. प्रत्येक बराकीतली निदान एक कोठडी आहे तशी, न रंगवता, काचेआड ठेवा. आणि आतल्यांनी जे काही केलं, चित्र, गाणं, भिंतीवरची मोजणी, त्याला पुतळ्याच्या आधी जागा द्या. ठेकेदाराच्या निविदेत ही एक अट घातली तर खर्च रंगाच्या डब्यांपेक्षा फार वाढणार नाही.

हे सगळं मी एका दुपारमुळे लिहितो आहे. काही वर्षांपूर्वी एका जुन्या, रिकाम्या केलेल्या तुरुंगात मुलांना रेखाटनासाठी घेऊन गेलो होतो. गावाचं नाव लिहीत नाही. भिंतींना नुकताच पिवळा तैलरंग दिला होता, वास अजून जात नव्हता. दुपार कलल्यावर दारातून तिरपं ऊन आलं आणि एका कोठडीत, जमिनीपासून हातभर उंचीवर, रंगाखाली काहीतरी उमटलेलं दिसलं. म्हणजे ज्याने केलं तो बसून किंवा आडवा पडून करत होता. नाण्यावर कागद ठेवून मुलं पेन्सिल घासतात, तसा मी तिथे कागद धरला आणि शिसं घासलं. चार उभ्या रेघा, एक आडवी. पुन्हा चार उभ्या, एक आडवी. असे अकरा गट, मग थोडी मोकळी जागा, आणि तिच्यापुढे एक बैल. पाय रंगात बुजले होते, पाठीचा वशिंड अर्धाच आला. शिंगं मात्र स्वच्छ उमटली, आणि शिंगांवर पोळ्याला बांधतात तसे गोंडे.

तो कागद माझ्या टेबलाच्या खणात आहे. पुढच्या वर्षी पुन्हा तिथे गेलो तेव्हा रंगाचा दुसरा हात बसला होता, आणि तिरप्या उन्हातही भिंत सपाट दिसत होती.